पिस्त्यातलं पोटॅश

गेल्या वर्षापर्यंत मखमलाबादला आमच्या दाजींकडे गेलेला माणूस तपासणीतून सुटत नसे. दारात चपला काढल्या की दाजी आधी त्याचा हात हातात घ्यायचे. त्याला वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे! पण ते प्रेम नसायचं, तो नमुना घेणं असायचं. बोटं उलटीपालटी करून नखांवरचे पांढरे ठिपके बघायचे, अंगठ्याने खालची पापणी ओढून डोळ्यात डोकवायचं आणि निकाल द्यायचा. "जस्त कमी पडलंय पाव्हणं. काजू खा." पाण्याचा तांब्या त्यानंतर.

दाजींचं नाव कोंडाजी, गाव त्यांना नाना म्हणतं. माझ्या थोरल्या बहिणीचे, चंद्रभागाअक्काचे यजमान. मी जयराम, अक्काचा धाकटा भाऊ. ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालो आणि तेव्हापासून दाजींची चेष्टा करणं हाच माझा पूर्णवेळ उद्योग आहे. मेव्हण्याला तेवढा हक्क असतोच, आणि दाजी तो हक्क वाया जाऊ देत नाहीत.

दाजी द्राक्षबागाईतदार. आमच्या नाशिककडचा बागाईतदार म्हणजे अर्धा शेतकरी आणि अर्धा केमिस्ट. वेलीच्या पानांचे देठ खुडून लॅबला पाठवायचे, तिथून वेलीत मॅग्नेशियम किती, जस्त किती, बोरॉन किती ते कळतं. मग जे कमी असेल ते ठिबकच्या पाण्यातून सोडायचं. याला म्हणतात देठ परीक्षण. लग्नाच्या याद्या झाल्या नाहीत तरी चालतील, देठ परीक्षण चुकता कामा नये. त्यात दाजींचा सगळा जीव पोटॅशवर, म्हणजे पोटॅशियमच्या खतावर. मणी फुगायला पोटॅश, गोडी यायला पोटॅश. शेजाऱ्याच्या बागेत पानाची कड जराशी पिवळी दिसली की दाजी बांधावरून ओरडायचे, "पोटॅश सोड!" शेजाऱ्याने विचारलेलं नसायचं.

ही विद्या वेलींवरून माणसांवर घसरली ती एका चर्चासत्रात. व्यासपीठावरच्या सल्लागाराने लोकांना जरा हसवावं म्हणून सांगितलं, की मंडळी, वेलीला जी अन्नद्रव्यं लागतात तीच आपल्यालाही लागतात, स्वतःचंही परीक्षण करा कधी. सगळे हसले आणि जेवायला गेले. दाजी मात्र ते वाक्य घरी घेऊन आले. मोबाईलवर शोधाशोध झाली आणि त्यांना सुक्यामेव्याचा शोध लागला. बदामात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम, काजूत जस्त आणि तांबं, अक्रोडात मँगनीज, पिस्त्यात पोटॅश. मी हे खोटं पाडायला म्हणून तपासायला गेलो आणि तोंडघशी पडलो. सगळं खरं होतं. दाजींचं हेच दुखणं आहे, त्यांची माहिती कधी चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्काचा मिसळणाचा डबा ताब्यात घेतला. मोहरी, जिरं, हळद बाहेर. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता, चारोळी आणि गोडंबी आत. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीचा गर, आपल्याकडे बाळंतिणीच्या लाडवात घालतात. तिचे आकडे मोबाईलवर नीट सापडेनात, म्हणून ती वाटी 'परीक्षण बाकी' म्हणून बंद होती. कोणी तिला हात लावायचा नाही. अक्का कितीतरी दिवस हळद प्लास्टिकच्या पिशवीतून काढत होती.

घरात वेळापत्रक सुरू झालं. सून सुवर्णा, ती अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, तिच्या नखांवर ठिपके होते म्हणून तिला काजू. मला अक्रोड, मँगनीजच्या अभावी माझी हाडं आणि माझे विनोद दोन्ही ठिसूळ झालेत असं त्यांचं निदान होतं. शिवाय बदाम आणि काजू एका वेळी खायचे नाहीत. का? तर बदामात कॅल्शियम आणि काजूत फॉस्फरस, आणि ही दोन खतं एका टाकीत कालवली की खाली साका बसतो, ठिबकची भोकं बुजतात.

"माझ्या पोटात काय नळ्या टाकल्यात का तुम्ही?" अक्का म्हणायची.

"नळ्याच हायेत. देवानं टाकल्यात," दाजी म्हणायचे आणि बदाम उचलून घ्यायचे.

एकदा नाशिकला रविवार कारंजावरच्या दुकानात त्यांना ब्राझील नट दिसले. या बदामासारख्या परदेशी मेव्यात सेलेनियम नावाचं द्रव्य भरपूर असतं, पण झाड ज्या मातीत असेल त्यावर ते कमीजास्त होतं, असं त्यांनी वाचलेलं. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "माती परीक्षणाचा रिपोर्ट हाय का ह्याचा?" दुकानदाराने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासोबत नसल्यासारखा खारकांचा भाव विचारायला लागलो.

मी हसायचो, पण एक गोष्ट मला दिसत होती. दाजी हे बायकोशी गोड बोलणाऱ्यांतले नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांनी अक्काला नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. "ऐकलं का" एवढ्यावर संसार झाला. कधी साडी आणली नाही, कधी गजरा आणला नाही. आणि आता हा माणूस संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक पिस्ता नखाने सोलायचा आणि तिच्या तळहातावर ठेवायचा. अक्काला पिस्ता आवडत नाही. तिला त्याचा वास साबणासारखा येतो. तरी ती खायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आवडत नाय रे. पण एवढं सोलून देतात, मग खाते."

गेल्या पावसाळ्यात अक्काचं अंग उतरलं. पायांवर सूज, दोन पायऱ्या चढली की धाप, दिवसभर मरगळ. बीपी तिला जुनंच. दाजींनी निकाल दिला, की हे पोटॅश कमी पडल्याचं लक्षण आहे, आणि पिस्त्याचा हात सढळ केला. मी म्हटलं, दाजी, माझी बहीण आहे ती, थॉमसन द्राक्षाचा वेल नाही. ते म्हणाले, "वेल बोलत नाय म्हणून वेळेवर कळतं. हिला बोलायला येतं, तरी सांगत नाय."

सुवर्णाने मात्र ऐकलं नाही. तिने अक्काला डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि रिपोर्ट घेऊन पुन्हा या म्हणाले. रिपोर्ट आला तो दाजींच्या मोबाईलवर, कारण लॅबमध्ये नंबर त्यांचा दिलेला.

तासाभरात मला फोन. आवाजात नुसता आनंद. "जयराम, पेढे आण! तुझ्या बहिणीचं पोटॅशियम वर आलंय. ठळक अक्षरात छापलंय, शेजारी वर जाणारा बाण काढलाय. एवढं तर आपल्या बागेचं बी कधी आलं नव्हतं!"

अक्काला बरं आहे एवढंच मला त्यातून समजलं आणि मी खूश झालो. दाजींनी तो रिपोर्ट देठ परीक्षणासारखा वाचला होता. तोडणीच्या आधी देठात पोटॅश भरपूर निघालं की बागाईतदार निवांत झोपतो. त्याच रिपोर्टात क्रिएटिनिन नावाच्या ओळीपुढेही वर जाणारा बाण होता. पण तसलं काही खत आपण बागेला सोडत नाही म्हणून दाजींनी ती ओळ सोडून दिली. आता कशाला डॉक्टर, म्हणून परत जायचंही त्यांनीच रद्द केलं. सुवर्णा घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, रिपोर्ट एक नंबर आलाय. दिवसभर मशीनपुढे उभी राहून आलेली पोरगी, तिने विश्वास ठेवला. आणि औषध लागू पडतंय म्हटल्यावर पिस्ते आणखी वाढले.

त्याच आठवड्यात सुवर्णाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अक्का ओट्यावरून उठायला गेली आणि तिला उठताच येईना. पाय आहेत पण पायात जोर नाही. हात टेकवले, तर हातही तसेच. छातीत काहीतरी अडखळतंय, म्हणाली. सुवर्णाने दाजींच्या हातातून मोबाईल ओढून घेतला, रिपोर्ट उघडला, आणि आमच्या घरात सुनेने सासऱ्यावर ओरडायचं ते तेव्हा पहिल्यांदा झालं.

"नाना, हे रेंजच्या बाहेर आहे! वरचा बाण म्हणजे चांगलं नसतं! आमच्याकडे असा पार्ट निघाला तर लाईन बंद करतात!"

मी पोचलो तेव्हा अक्का गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात होती. छातीला वायरी, हाताला सलाईन. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, खोटं कशाला सांगू. वाटेत दाजींना काय काय सुनवायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. इंजेक्शनं देऊन झाली होती, अक्काचे ठोके जागेवर येत होते. त्यांनी विचारलं, "खाण्यात काय काय असतं यांच्या?" सुवर्णाने दाजींकडे पाहिलं. दाजींनीच सांगितलं. शाळेतल्या मुलाने पाठ म्हणावा तसं सगळं वेळापत्रक म्हटलं. भिजवलेले बदाम सकाळी, काजू दुपारी वेगळे, आणि पिस्ता. "तो मी सोलून देतो. रोज."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "नाना, माझं माहेर दिंडोरीचं. आमचीही बाग आहे. मला सांगा, ज्या जमिनीला निचरा नाही तिच्यात पोटॅश सोडत राहिलं तर काय होतं?"

"क्षार साचतात."

"मग?"

"मुळी जळती."

"यांच्या किडन्या म्हणजे तो निचरा. बीपीने त्या थकल्यात, रिपोर्टातलं क्रिएटिनिन तेच सांगतंय. पोटॅश बाहेर जाईना, रक्तात साचलं. पिस्ते नसते तरी किडन्या थकलेल्याच होत्या, तो दोष तुमचा नाही. पण त्यात भर पडली. आणखी उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं."

दुसऱ्या कोणाला हे समजवायला चित्रं काढावी लागली असती. दाजींना ते एका वाक्यात समजलं. ते उठले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मीही गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "जयराम, मी तिला मारत होतो का रं?"

जुळवून आणलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना शिवायची माझी ती पहिलीच वेळ असेल. एरवी नखं बघायला तेच माझा हात धरायचे.

अक्का वाचली. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही, येऊ नये म्हणून औषधं आणि पथ्य. भाज्या चिरून पाण्यात ठेवायच्या, मग उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे त्यातलं पोटॅश निघून जातं. टोमॅटो जपून, केळं बंद, नारळपाणी बंद, सुकामेवा तर नावच नको. दाजींनी मिसळणाचा डबा घासून, उन्हात वाळवून, मोहरी-जिरं भरून स्वयंपाकघरात जागच्या जागी ठेवला. पाहुण्यांची तपासणी बंद झाली. लोकांना वाटलं, म्हातारा निवळला. मला ते घर सुनं वाटायला लागलं.

भाऊबीजेला गेलो तर अक्काने ओवाळायच्या आधीच गाऱ्हाणं सुरू केलं. "तुझ्या दाजींना सांग काहीतरी. आधी खायला घालून जीव नको केला, आन् आता पाण्याचा पेला बी हातात देत नाय. फरशीवर ठेवतात आन् बोटानं पुढं सरकवतात. मी काय मांजर हाय का?"

दाजी दारात उभे होते. "माझ्या हाताचा आता भरवसा नाय," म्हणाले आणि बागेकडे निघून गेले.

मला राग आला. हॉस्पिटलात आला नव्हता एवढा त्या दिवशी आला. माझ्या बहिणीला दुखण्याने जेवढं खचवलं नव्हतं तेवढं या सरकवलेल्या पेल्याने खचवलं होतं. तिला पिस्ता कधीच नको होता, तिला तो सोलून देणारा माणूस हवा होता. आणि नेमका तोच हात आखडून बसला होता. मी त्यांच्या मागे बागेत गेलो आणि बरंच बोललो. ते छाटलेल्या काड्या गोळा करत राहिले.

पुढच्या तपासणीला सुवर्णाने डॉक्टरबाईंना विचारलं, आईंना फळ काही चालेल का. त्या म्हणाल्या, सफरचंदाची फोड चालेल, आणि तुमच्या घरची द्राक्षंही मूठभर चालतील.

"द्राक्षं?" दाजी खुर्चीतून उठलेच. "आवो बाई, जल्मभर पोटॅश ओतलंय मी त्यात!"

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, ओतलंत तरी द्राक्षात ते बेताचंच असतं, मूठभर खुशाल द्या. दाजींनी मान हलवली. पण ती ऐकल्याची मान नव्हती, हे मला फेब्रुवारीत कळलं.

फेब्रुवारीत दाजींच्या बागेची गावभर चर्चा सुरू झाली. रस्त्याला लागून असलेली पहिली ओळ, जिच्याकडे बघून येणारेजाणारे बागेची पारख करतात, तीच बिघडली होती. पानांच्या कडा करपलेल्या, घडात निम्मे मणी हरभऱ्याएवढे आणि निम्मे हिरवेच. मागची सगळी बाग मात्र तजेलदार. मोटारसायकली थांबायला लागल्या. बांधावरून ओरडा खाल्लेला तो शेजारी मुद्दाम येऊन म्हणाला, "नाना, पोटॅश सोडा की!" व्यापारी म्हणाला, ही ओळ सोडून बाकीचा माल घेतो. दाजी सगळ्यांना हो हो म्हणाले. पिवळ्या पानावरून माणसांशी बोलणं टाकणारे दाजी!

मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं. ही ओळ अक्काची. खत सोडायच्या दिवशी तेवढ्या ओळीची नळी दुमडून सुतळीने बांधायची आणि त्या वेलींना बादलीने साधं पाणी घालायचं. छाटणीपासून पोटॅशचा कणही दिला नव्हता.

"दाजी, डॉक्टरबाई म्हणाल्या ना, कुठलीही द्राक्षं चालतील म्हणून? आणि मातीत आधीचं काय थोडं आहे?"

"म्हणल्या. खरं बी असंल त्यांचं." त्यांनी ओळीकडे पाहिलं. "पर मला भीती वाटती. बाकीच्या ओळीचं तिच्या हातावर ठेववंना मला."

"मग रस्त्याकडचीच ओळ कशाला घेतलीत? आतली घ्यायची. गाव हसतंय."

"ही घराजवळ हाय. तिला चालवत नाय लांब."



त्या दुपारी अक्का सुवर्णाचा हात धरून ओळीपर्यंत आली. दाजींनी तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. त्यांनी सगळी ओळ हिंडून त्यातल्या त्यात बरा घड शोधला, कात्रीने कापला, बादलीतल्या पाण्यात बुडवून काढला. मग एक मणी तोडला आणि घेऊन नुसतेच उभे राहिले. मला वाटलं आता हा माणूस तो मणी खुर्चीच्या दांडीवर ठेवणार आणि बोटाने सरकवणार.

अक्काने तळहात पुढे केला. तो तिने मागे घेतला नाही. शेवटी दाजींनी मणी तिच्या हातावर ठेवला.

तिने तोंडात टाकला आणि तिचा एक डोळा गच्च मिटला. "आई गं! आंबट ढाण हाय वो!"

दाजींच्या द्राक्षाला आंबट म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी मळ्याच्या बाहेर काढलेलं मी पाहिलंय. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. "तरास नाय ना होत?"

"दाताला होतोय. द्या अजून."

ते एकेक मणी तोडून देत राहिले, ती डोळा मिटून खात राहिली आणि प्रत्येक मण्याला नावं ठेवत राहिली. रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकल थांबवून ती करपलेली ओळ बघत होतं. मी तिकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरेना आणि ते दाजींनी बघितलं असतं तर पुन्हा पापणी ओढून तपासलं असतं.

"बास," मागून दाजींचा आवाज आला. "बाईंनी मूठभरच सांगितलंय."

"मग उद्या?" अक्काने विचारलं.

"उद्या बी देईन की."